सही तुमचीच आहे ना?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीला मराठीत जेमतेम पास झालेला, पण बोलण्यात पटाईत. आता एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात टीम लीडर आहे. हाताखाली अकरा मुलं-मुली. ऑफिस गुलमंडीवर, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मिठाईचा डबा अम्मीच्या हातात देत म्हणाला, "मॅडम, आमच्या पोरांना पंधरा मिनिटं लीडरशिपवर काहीतरी सांगा ना. बाहेरचा ट्रेनर येतो, सगळं इंग्रजीत बोलतो, टाळ्या वाजवायला लावतो आणि पैसे घेऊन जातो."

"अरे, मी जन्मात एक पॉलिसी विकलेली नाही. मी काय सांगणार?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावतोय."

मी हो म्हटलं. त्याला हे सांगितलं नाही, की या धंद्याशी आमच्या घराचा जुना हिशोब आहे. एका पॉलिसीमुळे मी शिक्षिका झाले. दुसरीमुळे भाईजानांच्या समोर बसून जेवताना अजूनही माझी मान वर होत नाही.

तयारी म्हणून आधी बी.एड.ची वही काढली. त्यात नेतृत्वाचे तीन प्रकार सुंदर अक्षरात लिहिलेले होते: हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट. परीक्षेला पाच मार्कांना हमखास यायचे. त्याखाली कर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग होता. दहा-दहा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले आणि प्रत्येक गटावर वेगळ्या स्वभावाचा मोठा माणूस नेमला. धाकात ठेवणाऱ्याच्या गटात काम जोरात चालायचं, पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. विचारून, समजावून काम करवून घेणारा बाहेर गेला, तरी त्याच्या गटातली मुलं बरीचशी कामात राहायची.

वीस वर्षं हा प्रयोग मी वर्ग सांभाळण्यासाठी वापरला. या वेळी वाचताना मात्र वाटलं, हा तर विम्याच्या धंद्याला चपखल बसतो. विम्याचा फॉर्म साहेबाच्या खोलीत कधीच भरला जात नाही. तो भरला जातो कुणाच्या दुकानाच्या गल्ल्यावर, कुणाच्या ओसरीवर, चहाचा कप बाजूला सारून. साहेब तिथे नसतो. तिथे काय लिहिलं जातं, त्यावरूनच साहेब कसा आहे ते कळतं.

अब्बांचं गुलमंडीवर गोटा-किनारी, काजबटणं, अस्तराच्या कापडाचं छोटं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधली फट. मी उर्दूही शिकवते, म्हणून सांगते: गुल म्हणजे फूल, मंडी म्हणजे बाजार. फुलं आम्ही कधी पाहिली नाहीत, पाहिली ती लग्नाची गर्दी. पैठण गेटकडून येणाऱ्या नवऱ्या मुली, मछली खडकावरून भांडी घेऊन येणाऱ्या बाया, आणि सगळ्यांच्या मधून वाट काढणारी एक काळी सायकल. सायकलवर विमेवाले काका. पांढरा सदरा, हँडलला रेक्झिनची पिशवी, कॅरिअरला छत्री. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. गुलमंडी गुलमंडीच राहिली, पण ती सायकल आता नाही.

काका अब्बांच्या मागे दोन वर्षं होते असं अम्मी सांगते. 'मागे होते' हा शब्दही बरोबर नाही. ते यायचे, काजबटणं घ्यायचे, विषय काढायचे आणि जायचे. अब्बांचं एकच म्हणणं होतं, "काका, इसमें सूद का मामला है. हमारेमें जायज नहीं बोलते."

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने वाद घातला असता. अमुक हाजी साहेबांनी घेतली, तमुक मौलवींच्या जावयाने घेतली, अशी नावं सांगितली असती. काका म्हणाले, "ते मला नका विचारू. मी त्यातला माणूस नाही. तुमच्या जाणकारांना विचारा, मी दोन महिन्यांनी येतो." आणि खरंच दोन महिने आले नाहीत. अब्बांनी दोघांना विचारलं. एकांनी साफ नाही म्हटलं, दुसऱ्यांनी सांगितलं, लहान मुलं आहेत, कमावणारे एकटे आहात, नियत साफ ठेवा आणि घ्या. या बाबतीत उलेमांमध्ये आजही एकमत नाही, आणि मी काही फतवा द्यायला बसलेली नाही. मला लक्षात राहिलं ते एवढंच, की विकणाऱ्या माणसाने घेणाऱ्याला विचार करायला दोन महिने दिले आणि त्या दोन महिन्यांत दुसऱ्या कुणी विकली तर विकू दे, असं मनाशी ठरवलं.

पॉलिसी पंचवीस हजारांची. फॉर्म भरताना काका वयाच्या दाखल्यावर अडून बसले. अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पैठण तालुक्यातल्या गावी. अब्बा म्हणाले, "अंदाजसे लिख दो ना." काका नाही म्हणाले. "आज अंदाजाने लिहिलं तर माझं काम पाच मिनिटांत होतं. पण उद्या तुमच्या मागे भाभींना ऑफिसात विचारतील, तेव्हा तुम्ही नसाल आणि कदाचित मीही नसेन." अब्बा वैतागले. एक दिवस दुकान बंद ठेवून गावी गेले, शाळेचा दाखला आणला. त्या दिवसाचा धंदा बुडाला म्हणून अम्मीशी भांडलेही.

१९९७ च्या पावसाळ्यात अब्बा गेले. दुकानातच, छातीत कळ येऊन. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. काका दफनाला आले होते, मागे उभे होते. पंधरा दिवसांनी घरी आले. चहा घेतला नाही. अम्मीकडून उर्दूत सही घेतली, तिची ओळख पटवायला साक्षीदार लागतो तो स्वतःच शोधला, मृत्यूचा दाखला महापालिकेतून काढायला भाईजानांना घेऊन गेले. ऑफिसात वयाचा प्रश्न निघालाच नाही, कारण पॉलिसीवर आधीपासूनच वय मान्य असल्याची नोंद होती. बोनस धरून आलेल्या रकमेतून दुकानाची उधारी फिटली. उरलेले पैसे अम्मीने बँकेत ठेवले आणि बी.ए. झाल्यावर त्यातून माझी बी.एड.ची फी भरली. भाईजानांनी कॉलेज सोडून दुकान धरलं होतं. फीच्या पावतीवर माझं नाव आलं. त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर आलं.

काकांच्या हाताखाली कुणी नव्हतं. ते साधे एजंट होते, लीडर वगैरे शब्द त्यांनी ऐकलाही नसेल. पण मला कुणी नेता दाखव म्हटलं, तर मी त्या सायकलीकडे बोट दाखवेन.

इथे थोडं विषयांतर करते, मास्तरणीला ते सुटत नाही. मराठीत 'दलाल' ही जवळजवळ शिवी आहे, म्हणून माझा विद्यार्थीही स्वतःला 'ब्रोकर' म्हणवतो. पण शब्द अरबी आहे, आणि त्याचं मूळ वाट दाखवणं हे. 'दलील' हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे दलालाने वाट दाखवावी आणि वेळ आली तर आपल्या माणसाच्या बाजूने दलील करावी. कायद्यातही एजंट आणि ब्रोकर यांत हाच फरक आहे. एजंट कंपनीचा माणूस. ब्रोकर ग्राहकाचा. आपल्याकडे ब्रोकरांना रीतसर परवाने मिळू लागले ते २००२ च्या नियमांनंतर. ब्रोकरने वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी तपासून ग्राहकाला सल्ला द्यायचा, दाव्याच्या वेळी मदत करायची, आणि आपल्या चुकीने ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई करता यावी म्हणून स्वतःचाही विमा काढून ठेवायचा. हा शेवटचा नियम मला फार आवडला. शिक्षकांसाठी असा नियम असता तर आमची काही खरी नव्हती. गोम एवढीच, की ब्रोकर माणूस ग्राहकाचा असला तरी त्याचं कमिशन येतं कंपनीकडून. पगार एकाचा आणि निष्ठा दुसऱ्याची, हे सांभाळायचं म्हणजे सोपं नाही.

आता भाईजानांची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक मुलगा दुकानात आला. बावीस-तेवीसचा, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. आरोग्य विमा घ्या म्हणाला. भाईजानांनी मला बोलावून घेतलं, "तू पढी-लिखी है, देख ले." मी शाळेतून थेट गेले. मुलगा मोबाइलवर फॉर्म भरत होता. प्रश्न आला, मधुमेह आहे का? भाईजान म्हणाले, "हौ, सहा साल से गोली चालू है." मुलाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हो लिहिलं तर मेडिकल लागेल, प्रीमियम वाढेल, परत एकतीस तारीख निघून जाईल. शुगर कंट्रोलमध्येच आहे ना? 'नाही' टाकतो."

मी काही बोलले नाही.

मी रोज वर्गात सांगते, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. त्या दिवशी प्रश्न पूर्ण वाचला होता, उत्तरही माहीत होतं, आणि मी गप्प बसले. उन्हात उभी होते, घरी जायची घाई होती, दोन-तीन हजार रुपये वाचत होते. भाईजानांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी सही केली.

अकरा महिन्यांनी त्यांना डेंग्यू झाला. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली आल्या, चार दिवस आयसीयू. बिल एक लाख शहाऐंशी हजार. हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं होतं: मधुमेह, सहा-सात वर्षांपासून. दावा नाकारला गेला, कारण माहिती लपवली. पॉलिसीही रद्द झाली. डेंग्यूचा आणि साखरेचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. वेदना इथेच आहे. खरं लिहिलं असतं तर मधुमेहाशी जोडलेल्या आजारांसाठी काही काळ थांबावं लागलं असतं, पण डेंग्यूचे पैसे मिळाले असते. आताच्या नियमाप्रमाणे आरोग्य विमा सलग साठ महिने चालला, की त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण सांगता येत नाही. आमचे अकरा झाले होते.

आम्ही दोघं त्या मुलाच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब सभ्य होते, पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला. मग म्हणाले, "तो मुलगा आता आमच्याकडे नाही." आणि फॉर्मची प्रत पुढे सरकवून विचारलं, "सही तुमचीच आहे ना?"

सही भाईजानांचीच होती.

मी म्हटलं, विमा लोकपालांकडे जाऊ. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील लागत नाही, दावा नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. मी कागदही तयार केले. भाईजान म्हणाले, "वहाँ पूछेंगे, तुमको मालूम था क्या. मैं क्या बोलूँ? झूट बोलूँ?" तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. बिल त्यांनी दुकानातला माल आणि भाभीच्या दोन बांगड्या विकून भरलं.

काही महिन्यांनी तो मुलगा मला औरंगपुऱ्यात दिसला. मोबाइलच्या दुकानात कामाला होता. तो तोंड चुकवेल असं वाटलं होतं, पण स्वतःच बाहेर आला. म्हणाला, "मॅडम, आम्हाला तसंच शिकवलं होतं. आजारांच्या रकान्यात डोळे मिटून 'नाही' टाकायचं. साहेब म्हणायचे, दावा येईल तेव्हा बघू." त्याला जूनमध्ये काढलं होतं, टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. तो हुकमाचा ताबेदार होता. मी नव्हते, तरी गप्प बसले.

'तो आता आमच्याकडे नाही' हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, आणि भाषणाची तयारी करताना त्याला उत्तर सापडलं ते ६०-७० वर्षांपूर्वीच्या एका चौकशीत.

१९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विमा राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. आधी कुणाला पत्ता लागू दिला नाही, नाहीतर कंपन्यांनी पैसा इकडचा तिकडे केला असता. लहान-मोठ्या २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. तोवर देशमुख मंत्रिपदावर राहिलेही नव्हते, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते. आमचं शहर तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, दोन महिन्यांनी मुंबई राज्यात आलं. काकांची 'सरकारची हमी आहे' ही खात्री तिथून आलेली.

आणि वर्ष होत नाही तोच महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या डबघाईच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास शेअर घेतल्याचं उघड झालं. पैसा कुणाचा? अब्बांसारख्या हप्ते भरणाऱ्यांचा. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला, सरकारला चौकशी नेमावी लागली. चौकशी करणारे होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद करीम छागला. ते पुढे देशाचे शिक्षणमंत्री झाले, तरी आमच्या स्टाफरूममध्ये नाव घेतलं तर कुणाला आठवत नाही. त्यांनी चौकशी खुल्यात घेतली. ऐकायला इतकी गर्दी, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. २४ दिवसांत काम संपवलं. तोवर अर्थमंत्री झालेल्या टी. टी. कृष्णम्माचारींचं म्हणणं होतं, हा व्यवहार सचिवांनी केला, माझी संमती नव्हती. छागलांनी ते मानलं नाही. हाताखालच्या माणसाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याचीच, त्याला सचिवामागे लपता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

गुलमंडीवरच्या त्या साहेबांना राजीनामा द्यायला कोण सांगणार? पण निदान एक वाक्य ते वेगळं बोलू शकले असते. 'तो मुलगा माझा होता.' एवढंच. पैसे मिळाले नसते, तरी भाईजान जिने उतरताना भिंतीला धरून उतरले नसते.

ठरलेल्या दिवशी मी गेले. अकरा जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सहा मुली होत्या, ते पाहून बरं वाटलं. भिंतीवर मोठा फळा, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे महिन्याचा आकडा. आमच्या वर्गात गुणांचा तक्ता लावतात तसा. लेविनचा प्रयोग सांगितला, छागला सांगितले, काका सांगितले. भाईजानांची गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण फळ्याकडे पाहून सांगून टाकली. मी गप्प बसले होते तेही सांगितलं. पंधरा मिनिटांची चाळीस झाली.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, खरं लिहिलं आणि पॉलिसी नाकारली गेली, तर फळ्यावरचा आकडा कमी होतो. मग काय करायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दहावीच्या तोंडी परीक्षेत त्याचा चेहरा असाच व्हायचा. तो उठला, फळ्यापाशी गेला, थोडा वेळ उभा राहिला. मग आकड्यांच्या शेजारी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: 'खरं लिहून नाकारलेले'. म्हणाला, "हेही कामात धरू. हेड ऑफिसला काय सांगायचं ते मी बघतो." एक मुलगा हळूच हसला, "सर, बोनस?" तो म्हणाला, "बोनसचं मला माहीत नाही." मला हे उत्तर आवडलं. खोटं आश्वासन दिलं असतं, तर ते मुलांनी ओळखलं असतं.

खाली सोडायला आला तेव्हा गुलमंडीवर संध्याकाळची गर्दी होती. म्हणाला, "मॅडम, भाईजानांचा नवा फॉर्म मी भरतो. बसून."

पुढच्या रविवारी तो दुकानात दीड तास बसला. मधुमेह, हो. गोळ्यांची नावं, चिठ्ठी पाहून. आधीची पॉलिसी रद्द झाली होती का, हो. कारण काय, तेही लिहिलं. भाईजान प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे पाहत होते. प्रीमियम जवळपास दीडपट होईल, आणि कदाचित कंपनी घेणारही नाही, हे त्याने सही घेण्याआधी सांगितलं. भाईजानांनी चष्मा पुसला, सगळं पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं, मग सही केली.

तीन आठवडे झाले. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.